आयरिश भाषेतली झाडाफुलांची नावं: मान तुकवलेलं फूल, पूकाचं अंगुस्तान, देवाचे अश्रू

रानजाई

आयर्लंडमध्ये गॉलवेला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली. लेक इथल्या आयरिश माध्यमाच्या शाळेत दुसरीला आहे. मार्चमध्ये तिच्या वर्गाने शाळेच्या कुंपणालगत उगवणाऱ्या फुलांची यादी केली. त्या दिवशी ती घरात शिरली ती सांगतच, "आई, डॅफोडिलचं नाव 'लुस अन ख्रोमख्यिन' आहे." मी अर्थ विचारला. तिने काही न बोलता मान खाली घातली आणि तशीच उभी राहिली.

'लुस' म्हणजे वनस्पती. 'क्रोम' म्हणजे वाकलेलं आणि 'क्यान' म्हणजे डोकं. मान तुकवलेली वनस्पती. नऊ मार्च मी ही फुलं बघत होते, पण देठ वरपर्यंत सरळ येतो आणि फुलाच्या जरा खाली काटकोनात मोडतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. ज्याने नाव ठेवलं त्याने रंग सोडून मान पाहिली होती.

तेव्हापासून वही केली आहे. शेजारी कॉनेमाराच्या एक आजी राहतात, त्यांची घरची भाषा आयरिश. रोजच्या व्यवहारात, म्हणजे शाळा-कॉलेज सोडून, आयरिश बोलणारे २०२२ च्या जनगणनेत सुमारे ७२ हजार निघाले. त्यातल्या एक आजी भिंतीपलीकडे आहेत हे माझं भाग्य. वहीतलं थोडं इथे लिहिते.

डेझीला 'नोनीन'. 'नोन' म्हणजे दुपार आणि 'ईन' हा लाडाचा प्रत्यय, आपण 'बाळ'चं 'बाळू' करतो तसा. चिमुकली दुपार! ऊन चढलं की उघडायचं, सांजेला मिटायचं, असं हे फूल. 'नोन' हा शब्द मठांतल्या प्रार्थनेच्या वेळेवरून लॅटिनमधून आला. मुळात दिवसाचा नववा तास, पुढे सरकत मध्यान्हावर आला. इथले लोक संध्याकाळला 'त्रानोना' म्हणतात, त्यातही तोच 'नोन' आहे.

फॉक्सग्लोव्हला तर कितीतरी नावं. 'लुस मोर', म्हणजे मोठी, थोर वनस्पती. 'लुस ना मान शी', म्हणजे परीलोकातल्या बायकांची वनस्पती. 'मेरकान पूका', म्हणजे पूकाचं अंगुस्तान. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते अंगुस्तान. 'मेर' म्हणजे बोट. पूका हा रूपं बदलणारा, रात्री वाटसरूंना भुलवणारा जीव.

आमच्या गल्लीच्या टोकाला चुना न लावता नुसते दगड रचलेली भिंत आहे. जूनमध्ये तिच्या फटींतून लुस मोरचे छातीएवढे दांडे उभे राहतात. एका बाजूला ओळीने जांभळ्या घंटा. तोंडाशी बारीक पांढरी लव, आत गडद ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. गलेलठ्ठ भुंगा आत शिरला की अख्खी घंटा थरथरते, आवाज बंद होतो, मग तो पाठमोरा बाहेर येतो. मी एका घंटेत तर्जनी घालून पाहिली. पहिल्या पेरापर्यंत अगदी बेताची बसली. 'मेरकान'चा अर्थ कोशात वाचला होता, बोटाला तेव्हा कळला. (नंतर हात साबणाने धुतले. झाड विषारी आहे.)

टिपररी भागात एक लोककथा सांगतात. एक कुबडा गरीब माणूस टोपीत नेहमी या फुलाची डहाळी खोवायचा, म्हणून त्याचं नावच 'लुसमोर' पडलं. रात्री टेकडीच्या पोटातून पऱ्यांचं गाणं ऐकू आलं. सोमवार, मंगळवार, सोमवार, मंगळवार, एवढंच पुन्हा पुन्हा. याने सुरात सूर मिसळून पुढे 'बुधवार' जोडला. पऱ्या इतक्या खूश झाल्या की त्याची कुबड काढून घेतली.

डँडेलियनला 'बॅरनान ब्रीद्ये', संत ब्रिजिडची खाचावाली. 'बॅरना' म्हणजे फट, खाच. पानाच्या कडेला करवतीसारख्या खाचा असतात ना, त्या. गॉलवेच्या पश्चिमेला समुद्राकाठी बार्ना गाव आहे, तेही याच शब्दाचं. ब्रिजिडचा दिवस १ फेब्रुवारी, इथल्या वसंताची सुरुवात. २०२३ पासून त्यासाठी सार्वजनिक सुट्टीही असते. याच झाडाला 'कॅशरवान' असंही म्हणतात, त्यातला 'शॅरव' म्हणजे कडू. आजींच्या तोंडी कॅशरवानच. "आम्ही पानं खायचो, दिवस बघत बसायचो नाही," असं त्या म्हणाल्या.

शेतातल्या लाल पॉपीला 'काल्याख यारग', लाल म्हातारी. 'काल्याख' म्हणजे आज चेटकीण किंवा म्हातारी, पण शब्दाचं मूळ डोक्यावरून घ्यायच्या वस्त्रात आहे. बुरखा घेतलेली ती काल्याख. पॉपीची पाकळी कळीतून चुरगळलेली बाहेर येते आणि तलम कापडासारखी उलगडते. म्हणून मला या नावात म्हातारीआधी तो पदर दिसतो. हे माझं वाचन आहे, कोशातलं नाही.

दलदलीतल्या कापूसगवताला 'क्यानवान', पांढरं डोकं. तिथेच उगवणाऱ्या कीटक खाणाऱ्या सनड्यूला 'द्रूख्तीन मोना', पीटच्या दलदलीतला दवाचा थेंब. काउस्लिपला 'बान्या बो ब्ल्याख्तान', दुभत्या गाईचं दूध.

आणि माझं सर्वांत आवडतं, फ्युशिया. पश्चिम किनाऱ्यावर मैलोन्मैल त्याची कुंपणं आहेत. खाली लोंबणारी लाल फुलं, मध्ये जांभळा झगा, टोकाला लांब लाल तंतू. पाऊस पडून गेला की त्या तंतूच्या टोकाला एक थेंब लटकून राहतो. त्याला म्हणतात 'द्योरा द्ये', देवाचे अश्रू. हे झाड इथलं नाहीच, दक्षिण अमेरिकेतून बागांसाठी आणलेलं. पाहुण्या झाडाला लोकांनी हे नाव दिलं, म्हणून मला ते जास्त मोलाचं वाटतं.

तुमच्याकडे भर घालण्यासारखं असेल तर लिहा.

---

तेरडा

सुंदर धागा. लेकीने मान खाली घातली ते डोळ्यांसमोर आलं. एक शंका: 'क्रोम' आणि 'क्यान' असे शब्द आहेत तर नावात 'ख्रोमख्यिन' कसं झालं?

---

रानजाई

तेरडा, आयरिशमध्ये शब्दाचा शेवटच नाही, सुरुवातही बदलते. आपल्याकडे 'झाड'चं 'झाडाचं' होतं, पहिलं अक्षर जागचं हलत नाही. इथे षष्ठीत 'क'चा घशातून काढलेला 'ख' होतो. परीलोकातली बाई म्हणजे 'बॅन शी', इंग्रजीतली बॅन्शी ती हीच. पण 'बायकांची' म्हणताना 'ब'चा 'म' होऊन 'ना मान शी'. म्हणून सुरुवातीला कोशात शब्द सापडत नाही. मूळ अक्षर आधी ओळखावं लागतं.

---

शब्दवेडा

रानजाई, 'द्योरा द्ये' वाचून थांबलो. यातला 'द्ये' हे 'दिआ' या शब्दाचं षष्ठीचं रूप. दिआ म्हणजे देव, आणि हा आपल्या 'देव'चा सख्खा नातेवाईक आहे. दोन्ही एकाच इंडो-युरोपीय मुळातून आलेत.

वनस्पतींपुरतं बोलायचं तर त्याहून गोड नातं ओकच्या झाडाचं आहे. आयरिशमध्ये ओकला 'दॅर', षष्ठीत 'दारा'. संस्कृतात 'दारु' म्हणजे लाकूड (प्यायची दारू वेगळी, ती फारसीतून आली). मूळ एकच. तिकडे लाकडासाठीचा शब्द ओकवर स्थिरावला, इकडे लाकडावरच राहिला. आता हिमालयातला 'देवदार' घ्या: देव अधिक दारु. दोन्ही तुकड्यांचे भाऊबंद आयर्लंडमध्ये आहेत, दिआ आणि दॅर.

तुमच्या दुभत्या गाईच्या नावातला 'बो' म्हणजे गाय, तो आपला 'गो'. आणि नावाला आयरिशमध्ये 'अॅन्यम' म्हणतात, तेही आपलं 'नाम'च.

---

घाटवाट

शब्दवेडा, अंगावर काटा आला. मी गेली सहा वर्षं किल्डेअरमध्ये राहतो. रस्त्यावरच्या पाटीवर इंग्रजीच्या वर तिरप्या अक्षरांत 'किल दारा' लिहिलेलं रोज वाचतो. म्हणजे हे दारा ओकचं?

---

शब्दवेडा

होय. 'किल' म्हणजे चर्च, मूळ मठातली खोली. ओकचं चर्च. ब्रिजिडचा मठ तिथलाच. डेरी हे शहरही 'देर्या', म्हणजे ओकची राई. 'मेयो' परगण्याच्या नावात यू वृक्ष आहे: 'मा यो', यू वृक्षांचं मैदान. न्यूरी आणि यॉल या गावांच्या नावांतही यूच. राया कधीच तुटल्या, पाट्यांवर झाडं राहिली.

---

मृद्गंध

आयरिश लोकांची जुनी ओगम लिपी झाडांचीच आहे ना? प्रत्येक अक्षराला एक झाड, आणि त्यावर झाडांचं पंचांगही. पहिलं अक्षर 'बेह' म्हणजे बर्च. बर्च म्हणजे आपलं भूर्ज. म्हणजे बेह आणि भूर्जही एकच!

---

शब्दवेडा

मृद्गंध, इथे थांबायला हवं. भूर्जाचं नातं इंग्रजी 'बर्च'शी आहे, ते पक्कं. पण 'बेह' वेगळ्या घराण्यातला. त्याचा नातेवाईक लॅटिन 'बेटुला', जे आज बर्चचं शास्त्रीय नाव आहे. दोन्ही 'ब'ने सुरू होतात, अर्थ एकच आहे, म्हणून फसायला होतं.

---

रानजाई

आणि झाडांच्या पंचांगाला जुना आधार नाही, ती विसाव्या शतकातली रचना आहे. ओगमच्या मूळ वीस अक्षरांपैकी निम्म्याहून कमी अक्षरांची नावं खात्रीने झाडांची आहेत: बेह म्हणजे बर्च, दॅर म्हणजे ओक, कोल म्हणजे हेझल वगैरे. बाकीच्यांना झाडं नंतर चिकटवली गेली.

पण मृद्गंध, खरी गोष्ट त्या पंचांगापेक्षा भारी आहे. आठव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या आयरिश कायद्यात २८ झाडाझुडपांची यादी आहे. सात-सातचे चार वर्ग. सर्वांत वर 'रानातले सरदार': ओक, हेझल, हॉली, यू, अॅश, पाइन, रानसफरचंद. मग 'रानातली सामान्य प्रजा', मग त्याखालचे, आणि शेवटी झुडपं. शेजाऱ्याचं झाड तोडलं तर वर्गाप्रमाणे दंड, तोही गुरांमध्ये मोजलेला. शेवटच्या वर्गात ब्रॅकन नेचा, गोर्स, काटेरी ब्रँबल आणि हीदरसुद्धा आहेत. ज्याला आपण तण म्हणून उपटू, त्यालाही कायद्यात जागा होती. हेझल सरदारांत बसतं ते त्याच्या फळांमुळे आणि काठ्यांमुळे. यादी करणाऱ्याला प्रत्येक झाडाचा उपयोग माहीत होता.

---

खलबत्ता

मी फार्मासिस्ट आहे, कॉर्कमध्ये. लुस मोरबद्दल एक सांगायलाच हवं. हृदयाच्या औषधातलं डिजिटॅलिस याच झाडाचं. इंग्लंडच्या विल्यम विदरिंगने १७८५ मध्ये त्यावर पुस्तक काढलं, तिथून ते रीतसर वैद्यकात आलं. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं असतं.

आता दुसरं नाव बघा: 'लुस ना ग्नाव म्रिश्त्ये', मोडलेल्या हाडांची वनस्पती, म्हणजे कॉम्फ्री. तिचा लेप हाडांवर लावायचे. आपली हाडसांधी आठवते ना, कांडवेल, तसंच नाव. अडचण अशी की फुलं नसताना कॉम्फ्रीची पानं आणि लुस मोरची पानं दिसायला जवळची. कॉम्फ्री समजून फॉक्सग्लोव्हचा चहा करून प्यायल्याने विषबाधा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. नावाचा अर्थ कितीही आश्वासक असो, त्यावरून पान ओळखू नका. पोटात तर काहीच घेऊ नका.

---

पावशा

धागा छान चाललाय. पण शॅमरॉक कुठे आहे? १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, सगळे छातीवर लावतात ते तीन पानांचं आयरिश चिन्ह नेमकं कोणतं झाड?

---

रानजाई

पावशा, या प्रश्नाने इथले वनस्पतिशास्त्रज्ञही गुंतले होते. शब्द सोपा: 'शॅमर' म्हणजे क्लोव्हर आणि 'ओग' हा लहानपणाचा प्रत्यय. शॅमरोग, कोवळं क्लोव्हर. पण क्लोव्हर अनेक आहेत आणि मार्चमध्ये एकालाही फूल नसतं. नुसती तीन पानं, मग ओळखणार कसं?

नॅथॅनिएल कोल्गन नावाच्या अभ्यासकाने १८९३ च्या सुमारास देशभरातून "तुमचा खरा शॅमरॉक मुळासकट पाठवा" असं मागवलं, आलेली रोपं लावली आणि फुलं येईपर्यंत वाट पाहिली. बहुतेक रोपं दोनच जातींची निघाली: पिवळ्या फुलांचं ट्रायफोलियम ड्युबियम आणि पांढरं ट्रायफोलियम रेपेन्स. १९८८ मध्ये तीच पाहणी पुन्हा झाली, तेव्हाही हीच दोन आघाडीवर होती. म्हणजे शॅमरॉक ही एक जात नाही. आपल्या माळावरचं जे तीन पानांचं, ते शॅमरॉक.

गंमत पुढे आहे. थोड्या लोकांचा शॅमरॉक 'शॅमसोग' असतो. ही रानात सावलीला उगवणारी वुड सॉरेल, म्हणजे ऑक्झॅलिस. आपली आंबुशी त्याच वंशातली! लेकीने पान चावून "आई, आंबट!" म्हटलं, तेव्हा मला माहेरच्या अंगणातल्या कुंड्या आठवल्या. पान तसंच तीन बदामांचं, रात्री तसंच मिटणारं. आपण चव धरून आंबुशी म्हटलं.

---

कांदेनवमी

आयर्लंड म्हटलं की बटाटा. त्याला काय म्हणतात?

---

शब्दवेडा

'प्राता'. उत्तरेकडे थोडा वेगळा उच्चार. कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा रताळ्यासाठीचा 'बटाटा' हा शब्द स्पॅनिश-पोर्तुगीजांनी उचलला. आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर जवळजवळ तसाच आला, आयर्लंडमध्ये 'पटाटा'चं 'प्राता' होऊन पोचला. गुजराती-मराठी मंडळी 'बटाटा' म्हणतात आणि उत्तर भारत 'आलू', त्याचं कारणही तेच.

---

रानजाई

कांदेनवमी, या प्रश्नापाशी माझी वही जरा जड होते. १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला. त्याला आयरिशमध्ये 'दूखन' म्हणतात, काळं पडणं ('दुव' म्हणजे काळा). हिरवं शेत एका आठवड्यात काळं व्हायचं, म्हणून तेवढाच शब्द. पुढच्या वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं गेली, तेवढीच देश सोडून गेली. आजी त्या दुष्काळाला 'द्रोख-हील' म्हणतात, वाईट दिवस.

लोकांनी तेव्हा जे मिळेल ते खाल्लं. शेतातलं पिवळ्या फुलांचं तण, रानमोहरी, त्याचं नाव 'प्राशाख वी'. 'वी' म्हणजे पिवळी. 'प्राशाख' हा लॅटिन 'ब्रासिका'वरून आलेला शब्द. पुढे त्याचा अर्थ पातळ लापशी असाही झाला, आणि बोलताना 'सगळा विचका' असाही.

आणि 'फेर गोरताख', भुकेचं गवत. डोंगरात कुठेतरी ते उगवलेलं असतं, दिसायला इतर गवतासारखंच. पाय पडला की माणसाला एकदम अशी भूक लागते की तो जागेवर कोसळतो, अशी समजूत. म्हणून डोंगरात जाताना खिशात भाकरीचा तुकडा ठेवायचा. दुष्काळात उपाशी माणूस जिथे पडला तिथे ते उगवतं, असंही सांगतात. वनस्पतिशास्त्रात या गवताला नाव नाही. आजी मात्र अजूनही बाहेर पडताना पर्समध्ये दोन बिस्किटं ठेवतात.

---

तर्कट

लेखन आवडलं, पण एक आक्षेप नोंदवतो. यातली किती नावं खरोखर लोकांच्या तोंडची आणि किती कोशकारांनी बसून केलेली? ब्लूबेलला 'क्लिगीन गोर्म' म्हणतात, म्हणजे निळी घंटा. हे इंग्रजी नावाशी शब्दाला शब्द जुळतं. अशा नावांचा 'अर्थ' सांगून लोकमानस वाचणं मला पटत नाही.

---

रानजाई

तर्कट, आक्षेप रास्त आहे आणि वही सुरू केल्यावर मीही याच ठिकाणी अडखळले. ब्लूबेलला 'कुइन्ल्या कोरा' असंही नाव आहे, त्यात मेणबत्त्या आहेत, घंटा नाही. दोन्ही कोशांत शेजारी शेजारी बसतात, कोश सांगत नाही कुठलं कोणाचं.

छापील नावांचा प्रवास जुना आहे. आयर्लंडच्या वनस्पतींवरचं पहिलं पुस्तक कॅलेब थ्रेलकेल्ड या डॉक्टरने १७२६ मध्ये डब्लिनमध्ये छापलं आणि त्यात आयरिश नावं दिली. पण तो स्वतः इंग्लंडहून आलेला, आणि त्यातली बरीच नावं त्याने एका जुन्या हस्तलिखितातून घेतलेली. १९७८ मध्ये सरकारी प्रकाशनाने वनस्पती आणि प्राण्यांच्या नावांची प्रमाण यादी काढली. शाळेला अशी यादी लागतेच. पण एका जातीला एक नाव ठरलं की बाकीची अंग चोरून बसतात. बोलणारा माणूस असं मोजत नाही. 'मेरकान' म्हटलं की बोटात बसेल ते फूल. निळ्या हेअरबेललाही 'मेरकान गोर्म'च म्हणतात, निळं अंगुस्तान.

दुसऱ्या बाजूला १९३७ ते १९३९ मधला शाळांचा संग्रह आहे. सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या मुलांना सांगितलं गेलं की घरी जा, म्हाताऱ्यांना विचारा आणि वहीत उतरवा. त्यात रानपाल्याच्या औषधांचा विषय होता. आज ती पानं इंटरनेटवर वाचता येतात. मुलाचं अक्षर, वर गावाचं नाव, कोणी सांगितलं त्याचं नाव. मी आता नाव लिहिताना तेच करते: अर्थाच्या आधी गाव आणि सांगणारा. म्हणून वहीत डँडेलियनसमोर 'कॅशरवान, कॉनेमाराच्या आजी' आहे आणि 'बॅरनान ब्रीद्ये'समोर 'शाळा'. दोन्ही खरी आहेत, पण एकाच घरातली नाहीत.

---

तर्कट

हे पटलं. गाव आणि सांगणारा लिहिण्याची पद्धत आपल्याकडेही हवी. वाचनखूण साठवतो.

---

करवंद

उशिरा आले धाग्यावर. माझ्या आयडीमुळे विचारते, डोंगरातल्या काळ्या-निळ्या फळांना काही नाव आहे का? विकलोच्या बाजूला फिरताना जीभ निळी करून घेतली होती.

---

रानजाई

करवंद, ते बिलबेरी. 'फ्रीखान'. 'फ्रीख' म्हणजे हीदर, तिच्यातच गुंतून वाढणारं म्हणून. आमच्या भागात फ्रीखान, दक्षिणेला मन्स्टरमध्ये 'फ्रेखान'. स्पेलिंग एकच, तोंडं दोन. इंग्रजी बोलणारे आयरिश लोकही बिलबेरी न म्हणता हाच शब्द वापरतात.

जुलैच्या शेवटच्या रविवारी 'दौनाख ना व्रीखान', फ्रीखानचा रविवार. (इथे 'फ'चा 'व' झाला, तेरडा, बघा!) सुगीच्या तोंडाशी येणारा लूनसा सण. तरुण मंडळी टोळीने डोंगरात चढायची, दिवसभर फळं वेचायची, संध्याकाळी नाच. कित्येक लग्नं त्या डोंगरात जुळली, असं आजी सांगतात. त्यांचंही त्यातलंच.

---

घाटवाट

मग या जुलैत जाऊया? डब्लिनच्या दक्षिणेच्या डोंगरांत भरपूर असतात. किल्डेअरहून मी गाडी आणतो, चार जण बसतील.

---

करवंद

मी येते. डबे आणि जुने कपडे, डाग जात नाहीत.

---

रानजाई

आम्ही तिघं नक्की. आजींना विचारलं. चढवणार नाही म्हणाल्या, पण एक काम सांगितलंय: झुडूप कंगव्याने विंचरू नका, हाताने एकेक तोडा, नाहीतर पाला भरतो. आणि खिशात बिस्किटं ठेवा.